मुद्रा शाबूत, कोठार रिकामे



कामगार चळवळीतल्या माणसाने इजिप्तच्या पुराणवस्तूवर बोलावे हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनाही ते वाटले होते. "किमान वेतनावर बोला की," असे त्यांनी मला सुचवले. मी पंडित नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी यंत्रमागावर कांड्या भरू लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तिथेच एका संध्याकाळी इजिप्तवरील एका जाड पुस्तकात मला एका मुद्रेचे छायाचित्र दिसले आणि आजच्या व्याख्यानाचे बीज तिथे पडले.

चित्र एका अंगठीचे होते. रंग निळसर हिरवा, आपल्याकडच्या मोरपिसाच्या जवळचा. वरच्या चपट्या भागावर राजाचे नाव उमटवलेले. ही वस्तू फायान्स नावाच्या पदार्थाची. अशा अंगठ्या आणि मुद्रा जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. लंडनच्या पेट्री संग्रहालयात तर त्या ज्या साच्यांतून काढल्या ते साचेही आहेत. चित्राखाली राजाचे नाव होते, उत्खनन करणाऱ्या साहेबाचे होते. अंगठी करणाऱ्याचे मात्र नव्हते, आणि ते कुणाला ठाऊक असण्याचा संभवही नाही. माझ्या मनात तेव्हा तीन प्रश्न आले. ही वस्तू कशी आणि कोणी केली? तिचा उपयोग काय? आणि ज्या दारावर अशा मुद्रेचा ठसा बसे, त्या दारामागे काय होते? या तीन प्रश्नांच्या वाटेनेच आज आपण जाऊ.

१. गारगोटीचे पीठ

प्रथम नावाचा घोळ दूर करू. इटलीतील फाएन्झा या गावी झिलई दिलेली मातीची भांडी होत असत. त्यांना युरोपात फायान्स म्हणत. इजिप्तच्या चकचकीत निळ्या वस्तू पाहून लोकांनी तेच नाव त्यांना चिकटवले. वास्तविक इजिप्तच्या फायान्समध्ये माती नसतेच म्हटले तरी चालेल. शंभरात नव्वदाहून अधिक भाग गारगोटीचे किंवा वाळूचे पीठ, त्यात थोडा चुना, थोडा खार आणि रंगासाठी तांब्याचा अंश. खार म्हणजे एक तर वाळवंटातील तळ्यांकाठी मिळणारा नेट्रॉन नावाचा सोडा, नाही तर वनस्पतींची राख. इजिप्शियन लोक या पदार्थाला 'चेहेनेत' म्हणत. त्याचा अर्थ झळकणारे, लखलखणारे.

या पिठात पाणी घालून मळले की जो लगदा होतो तो कुंभाराच्या मातीसारखा गुणाचा नसतो. जरा ताणला की तडकतो, जास्त हाताळला की पातळ होऊन पसरतो. म्हणून तो साच्यात दाबून आकार द्यावयाचा. आता खरी गंमत पाहा. वस्तू सावकाश वाळू लागली की आतले पाणी बाहेर येते आणि बरोबर खार घेऊन येते. पावसाळ्यानंतर आपल्या ओलसर भिंतीला जसा खार फुटतो, तसा या वस्तूच्या अंगावर खाराचा पांढरा थर जमतो. मग ती भट्टीत घालावयाची. आठशे ते हजार अंश सेल्सिअसच्या आचेत तो खार गारगोटीशी एकजीव होऊन त्याची काच बनते आणि तांब्यामुळे तिला निळाहिरवा रंग चढतो. वरून झिलई चढवण्याची रीतही होती, परंतु ही रीत अशी की वस्तूची झिलई वस्तूच्याच पोटातून येते. ज्या माणसाने हे प्रथम ताडले त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण भट्टी ठाऊक होती. इ. स. पू. २६५० च्या सुमारास सक्कारा येथे राजा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला, तेव्हा त्याच्या भुयारी दालनांसाठी अशा सुमारे ३६,००० निळ्या फरशा करण्यात आल्या. म्हणजे हे एखाद्या हौशी कारागिराचे काम नव्हते. तो एक कारखानाच होता.

या कारखान्याचा पुरावा अमार्ना येथे मिळाला. राजा अखेनातेन याने इ. स. पू. १३४६ च्या सुमारास तेथे नवी राजधानी वसवली आणि त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ती ओस पडली. १८९१-९२ साली फ्लिंडर्स पेट्री यांनी तेथे खोदकाम केले, तेव्हा भाजलेल्या मातीचे हजारो लहान साचे सापडले. मण्यांचे, पानाफुलांचे, आणि अंगठीच्या मुद्रेचेही. मुद्रेचा चपटा भाग एका साच्यात, कडे वेगळे, मग दोन्ही ओले असतानाच जोडावयाचे. एका साच्यातून किती निघाल्या असतील याचा हिशेब आपला आपणच करावा.

गारगोटीचे पीठ म्हणजे काय हे दगडाच्या खडीवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ती धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि परत येत नाही. फुफ्फुस दगडासारखे होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याला नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत घातले. इजिप्तमधील काही ममींच्या फुफ्फुसांतही वाळूचे बारीक कण आढळले आहेत.

त्याच अमार्ना नगराची आणखी एक गोष्ट सांगतो. २०१५ साली तेथील उत्तरेकडच्या थडग्यांजवळ गरिबांचे एक स्मशान खणण्यात आले. तेथे जे सांगाडे निघाले त्यांतील बहुतेक सात ते पंचवीस वर्षांच्या वयाचे होते, आणि त्यांतही मुलेच अधिक. लहान वयात जड ओझी वाहिल्याच्या खुणा त्यांच्या हाडांवर आहेत. ही मुले फायान्सच्या भट्टीवर होती असे मी म्हणत नाही. दगड वाहण्याच्या आणि बांधकामाच्या कामावर ती असावीत. परंतु राजाच्या नावाची निळी अंगठी ज्या नगरात साच्यातून निघत होती, त्याच नगरात ही मुले पुरली जात होती. संग्रहालयाच्या कपाटात अंगठी दिसते. मुले दिसत नाहीत. म्हणून त्यांचा उल्लेख येथे केला.

२. न अडवणारे कुलूप

आता दुसरा प्रश्न. मुद्रेचा उपयोग काय?

आपण आज दाराला कुलूप लावतो. प्राचीन इजिप्तमध्ये बहुतेक ठिकाणी दाराला आणि पेटीला दोन खुंट्या असत. त्यांच्याभोवती दोरी गुंडाळावयाची, तिच्यावर ओल्या चिखलाचा गोळा थापावयाचा आणि त्यावर मुद्रा दाबावयाची. चिखल वाळला की काम झाले. पत्राच्या गुंडाळीला, मद्याच्या रांजणाला, धान्याच्या कोठाराला, सर्वांना हीच रीत.

मुद्रा अनेक प्रकारच्या होत्या. सर्वांत प्रसिद्ध आकार शेणातल्या भुंग्याचा. हा भुंगा शेणाची गोळी करून ती लोटत नेतो हे आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलेले आहे. इजिप्तच्या लोकांना त्यात सूर्याची गोळी आकाशातून लोटत नेणारा देव दिसला. भुंग्याच्या पोटाकडच्या सपाट बाजूवर नाव, हुद्दा किंवा नक्षी कोरावयाची, आरपार भोक पाडून तो दोऱ्यात किंवा अंगठीत ओवावयाचा. पुष्कळशा भुंगेमुद्रा शंखजिऱ्याच्या मऊ दगडाच्या आणि वर झिलई दिलेल्या असत, आणि पुष्कळ फायान्सच्या. फायान्सच्या पातळ अंगठ्या ठिसूळ असतात, तेव्हा त्यांतील बऱ्याचशा कामासाठी नव्हे, तर मिरवण्यासाठी, ताईत म्हणून किंवा सणासमारंभात वाटण्यासाठी असाव्यात. पण मिरवावयाची ती मुद्राच का? कारण जिच्यावर राजाचे नाव आहे तिच्यात सत्तेचा अंश आहे, ही भावना.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिखलाचा गोळा आणि दोरी कोणीही तोडू शकतो. पाच वर्षांचे पोरसुद्धा तोडील. तेव्हा मुद्रा दार बंद करीत नाही. ती फक्त साक्ष देते. कोणी दार उघडले तर ती फुटते, आणि फुटलेली मुद्रा पुन्हा तशीच करावयाची तर तीच मुद्रा हाती असावी लागते. कुलूप माणसाला अडवते, आणि मुद्रा माणसाची नोंद ठेवते, असा हा फरक आहे.

ही साक्ष किती टिकते याचे एक उदाहरण सर्व जगाला ठाऊक आहे. पेट्रींच्या हाताखाली अमार्ना येथे सतरा वर्षांचा एक चित्रकार मुलगा काम करीत होता. त्याचे नाव हॉवर्ड कार्टर. पुढे १९२२ च्या नोव्हेंबरात त्याच कार्टरने तुतांखामेन राजाची कबर शोधून काढली. दाराच्या गिलाव्यावर कबरस्तानाच्या अधिकाऱ्यांची मुद्रा होती. वर कोल्हा, खाली हात बांधलेले नऊ बंदिवान. पण गिलाव्याचा एक भाग पुन्हा लिंपलेला आणि पुन्हा मुद्रा मारलेला दिसत होता. त्यावरून कार्टरने ओळखले की दफनानंतर चोर आत शिरले होते आणि अधिकाऱ्यांनी दार परत बंद केले होते. आत मात्र एका देव्हाऱ्याच्या दारावरची दोरी आणि तिच्यावरचा चिखल जसाच्या तसा होता. तीन हजार दोनशेहून अधिक वर्षे त्या गाठीला कोणी हात लावला नव्हता. त्या मुठीएवढ्या चिखलाने इतकी वर्षे खरी साक्ष दिली.

मुद्रेच्या जोरावर राज्याचा केवढा कारभार चाले हे उरोनार्ती येथे दिसते. हा नाईलच्या दुसऱ्या धबधब्याजवळचा, आजच्या सुदानमधील एका बेटावरचा किल्ला. १९२८ ते १९३० या काळात जॉर्ज राइझ्नर यांच्या पथकाने तेथे खोदकाम केले, तेव्हा मुद्रा उमटवलेल्या चिखलाचे हजारो तुकडे मिळाले. काहींवर दोन ठसे आहेत, कोठाराचा म्हणजे संस्थेचा मोठा आणि अधिकाऱ्याचा लहान. एकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाही, ही शहाणीव त्यांना चार हजार वर्षांपूर्वी सुचली होती. तेथेच भाकरीच्या आकाराचे लाकडी बिल्लेही सापडले. त्यांवर भाकऱ्यांची संख्या लिहिलेली आहे. सैनिकाच्या वाट्याला किती भाकरी यावयाची ते त्या बिल्ल्यावरून ठरे. मुद्रा कोठाराच्या दारावर, आणि बिल्ला भाकरी खाणाऱ्याच्या बाजूला. ही जोडी आपण लक्षात ठेवू, पुढे ती उपयोगी पडेल.

३. दारामागे काय?

इजिप्तच्या भाषेत मुद्रेला 'खेतेम' हा शब्द होता. हिब्रूतील 'होताम' आणि अरबीतील 'खातम' म्हणजे मुद्रेची अंगठी, या शब्दांचे मूळ तेथेच असावे असे अनेक भाषापंडित मानतात. पत्र लिहून झाले की शेवटी मुद्रा, म्हणून अरबीत त्याच धातूला शेवटाचा अर्थ आला, आणि फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने तो आपल्या तोंडी 'खतम' होऊन बसला. गिरणी खतम, काम खतम असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत मुद्रेचेच नाव घेतो.

इजिप्तच्या खजिनदाराचा हुद्दाच 'मुद्रांकित वस्तूंचा अधिकारी' असा होता. मेकेत्रे नावाच्या अशा एका खजिनदाराच्या कबरीत १९२० साली हर्बर्ट विनलॉक यांना लाकडी बाहुल्यांचे देखावे सापडले. त्यांतील धान्यकोठाराचा देखावा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. मजूर गोणी वाहून कोठारात धान्य ओतीत आहेत आणि लेखनिक बसून हिशेब लिहीत आहेत. मेल्यावरसुद्धा आपले कोठार भरलेले असावे आणि हिशेब चालू असावा ही खजिनदाराची इच्छा. परंतु जिवंत माणसांच्या कोठारात काय होते ते पाहण्यासाठी आपल्याला आठशे वर्षे पुढे, नाईलच्या पश्चिम काठावरील देर अल्-मदीना या गावी गेले पाहिजे.

हे गाव राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कामगारांचे. साठ-सत्तर घरांची वस्ती. पाणी, धान्य, मासळी, भाजी, सारे बाहेरून यावयाचे, कारण गाव डोंगरांच्या कुशीत, कोरड्या जमिनीवर. गावाजवळ एक चौकी होती, तिलाही 'खेतेम' म्हणत, म्हणजे मुद्रेची जागा. शिधा तेथे यावयाचा आणि निरोपही तेथेच. नाणे तेव्हा नव्हते, मजुरी धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला साडेपाच पोती. चार पोती गहू आणि दीड पोते सातू. मिळून सुमारे ४२० लिटर माप होते. यात सारे घर खाई आणि सातूची बीअरही गाळली जाई. मुकादमाला साडेसात पोती. तो गहू आपल्याला परका नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्याला खपली म्हणतात त्याच जातीचा तो.

हजेरीही काटेकोर. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात चुनखडीच्या एका मोठ्या चिपेवर दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचे मस्टर आहे. कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का, याची नोंद. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणी बीअर गाळीत होता. तांब्याच्या छिन्न्यासुद्धा वजन करून देत आणि वजन करून परत घेत. कामगाराच्या बाजूचा हिशेब असा चोख होता. राजाच्या बाजूचा?

तिसऱ्या रामसेसच्या राज्याचे एकोणतिसावे वर्ष, म्हणजे इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याचा दहावा दिवस. त्या दिवशी कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, कबरस्तानाच्या पाच भिंती ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोस राजाच्या देवळामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे. माहितीच्या इतिहासातील ही पहिली नोंदलेली हरताळ. ही हकीकत एका पपायरसवर लिहिलेली आहे आणि तो पपायरस इटलीत, तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे. गावचा लेखनिक आमेननख्त याने तो लिहिला असे मानतात.

अधिकारी आले, समजुती घातल्या, आश्वासने दिली. कामगार हलले नाहीत. पुढच्या दोन दिवसांत ते दुसऱ्या रामसेसच्या मोठ्या देवळाशी गेले आणि आत शिरले. त्या देवळाच्या आवारात धान्याची मोठमोठी कोठारे होती हे येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या विटांच्या कमानी आजही उभ्या आहेत. माणसे कोठारापाशीच का जाऊन बसली हे मला कोणी पंडिताने समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे त्यांनी आपले गाऱ्हाणे सांगितले. भुकेने आणि तहानेने आम्ही येथे आलो, वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला आणि वजिराला कळवा, अशा आशयाचे. पोलिसांचा प्रमुख मोन्तुमेस यानेही त्यांना सांगितले की हत्यारे गोळा करा, घरांची दारे बंद करा, बायकामुलांना घेऊन या, मी तुमच्यापुढे चालतो. मी तीस वर्षे चळवळीत आहे. असा पोलीस अधिकारी मला अद्याप भेटावयाचा आहे.

अखेर मागील महिन्याचा शिधा मिळाला. पण पुढच्या महिन्यात पुन्हा तीच कथा. आणि या वेळी कामगारांचे बोलणे बदलले. आम्ही केवळ भुकेमुळे बाहेर पडलो नाही, राजाच्या या स्थानी वाईट कृत्य झाले आहे, त्याबद्दल आमची तक्रार आहे, असे ते म्हणाले. हे बोलणे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. माणूस प्रथम भाकरी मागतो, आणि मग भाकरी कोठे गेली ते विचारू लागतो.

काही दिवसांनी वजीर तो हा त्या बाजूने गेला. राजाच्या ज्युबिलीसाठी दक्षिणेकडच्या देवांच्या मूर्ती नेण्याच्या कामात तो होता. तो स्वतः कामगारांपुढे आला नाही, निरोप पाठवला. निरोपाचा मथितार्थ असा: तुमचा शिधा काढून घ्यायला मी वजीर झालो काय? पण कोठारांतच काही नाही. जे मिळाले ते देतो. आणि अर्धा शिधा दिला.

श्रोतेहो, माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा वजिराच्या त्या एका वाक्यात आहे. कोठारांतच काही नाही! मुद्रा तर होत्या. दोऱ्या होत्या, चिखल होता, मुद्रांकित वस्तूंचे अधिकारी होते, लेखनिक होते. साऱ्या व्यवस्थेवर राजाच्या नावाचा ठसा होता. आणि दारामागे धान्य नव्हते. मुद्रा शाबूत आहे याचा अर्थ दार कोणी फोडले नाही, एवढाच. आत काय आहे, किती आहे, ते मुद्रा सांगत नाही. रिकाम्या कोठारावरसुद्धा ती तितकीच छान बसते.

मग ही गोष्ट आपल्याला कळली कशावरून? मुद्रेवरून नव्हे. ती कळली त्या पपायरसवरून. कोणत्या दिवशी काय मिळावयाचे होते आणि काय मिळाले, कोण काय म्हणाला, हे एकाने लिहून ठेवले म्हणून. हा आमेननख्त कामगारांचा फार मोठा कैवारी होता असे मात्र समजू नका. पुढच्या एका खेपेला दोनच पोती गहू आला. मुकादम खोन्सू म्हणाला, हे घ्या आणि मग नदीकाठी जाऊन वजिराच्या माणसांना सांगा. कामगार निघाले, तेव्हा याच लेखनिकाने त्यांना अडवले आणि कोर्टात खेचून शिक्षा देववीन अशी धमकी दिली. पण धमकीही त्याने लिहून ठेवली! लिहिणारा कसाही असो, लिहिलेले आपल्या उपयोगी पडले.

४. कोऱ्या रकान्यावरचा अंगठा

आता थोडे घरचे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यातील बोनसचे प्रकरण आम्ही चालवले. कारखान्याचे नाव मी घेत नाही, मालकही आता नाहीत. कामगारांचे म्हणणे, आम्हाला ठरल्याच्या निम्मीच रक्कम दिली. सुनावणीच्या दिवशी मालकाच्या वकिलाने रजिस्टर पुढे ठेवले. प्रत्येक नावापुढे पूर्ण रक्कम आणि प्रत्येक रकमेपुढे कामगाराचा अंगठा किंवा सही. अंगठे सगळे खरे होते. फक्त ते उमटले त्या दिवशी रकमेचा रकाना कोरा होता.

आमच्याजवळ काही नव्हते. आम्ही हरलो. बाहेर झाडाखाली उभे असताना एक म्हातारी वाइंडर बाई मला म्हणाली, "दादा, अंगठा माझा हाय, पर त्यात लिवलेलं माझं न्हाय." इतकी वर्षे झाली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेले नाही. मुद्रेचे सगळे शास्त्र त्यात आहे. ठसा खरा, माल खोटा.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येक सभासदाने खिशात मावेल अशी वही ठेवावयाची. तारीख, किती तास काम, हातात किती पैसे आले. ज्याला लिहिता येत नाही त्याचे शेजाऱ्याने लिहावयाचे, आणि शेजाऱ्याने सही करावयाची. उरोनार्तीला एका गोळ्यावर दोन मुद्रा होत्या हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पुढे जादा कामाच्या पैशांचे प्रकरण उभे राहिले, तेव्हा त्या मळक्या, तेलाने माखलेल्या वह्यांचा गठ्ठा आम्ही टेबलावर ठेवला. प्रकरण सुनावणीपर्यंत गेलेच नाही. मालकांनी चर्चेला बोलावले आणि बरीचशी रक्कम पदरात पडली. सगळी नव्हे. जे खरे ते सांगतो.

आज काळ बदलला आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवावे लागते, हजेरीही पुष्कळ ठिकाणी बोटानेच लागते. यंत्र चांगले आहे, खोटी नावे त्याने काढली. परंतु अंगठा जुळला एवढेच ते यंत्र सांगते. पिशवीत किती किलो पडले ते पिशवी वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. तेव्हा बोट ठेवण्याआधी काटा पाहावा, आणि सही करण्याआधी रकाना पाहावा. हे सांगण्यासाठी इजिप्तला जाण्याची काय गरज होती, असे कोणी म्हणेल. मला वाटते होती. आपल्याच घरची गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांच्या तोंडून ऐकली, म्हणजे ती आपल्या एकट्याच्या नशिबाची नाही हे कळते.

शेवटी पुन्हा त्या निळ्या अंगठीकडे येतो. ती सुंदर आहे यात वाद नाही. गारगोटी कुटून, खार मिसळून, भट्टीच्या आचेचा अंदाज डोळ्यांनी घेऊन ज्याने ती केली त्याची कारागिरी आजही आपल्याला थक्क करते. त्याने कोरले ते दुसऱ्याचे नाव. आपले नाव कोरण्याची त्याला मुभा नव्हती. देर अल्-मदीनाच्या कामगारांनी आपले गाऱ्हाणे मात्र लिहवले, आणि म्हणून ते आपण आज ऐकतो आहोत. आपल्यापैकी कोणी मुंबई-कोलकात्याच्या किंवा परदेशातील एखाद्या संग्रहालयात गेले आणि काचेमागे एखादी प्राचीन मुद्रा दिसली, तर तिच्यावरचे नाव अवश्य वाचावे. मग क्षणभर थांबून ती कोणी केली आणि ती कोणत्या दारावर बसली हे विचारावे. आणि घरी आल्यावर आपली वही उघडून त्या दिवसाचा हिशेब लिहावा.